चिमणीचा आकडा आणि त्याची बिल्टी

सुरतेत पांडेसरा, सचिन, पलसाणा या पट्ट्यात कापड रंगवणाऱ्या आणि छापणाऱ्या मिलच्या चिमण्यांवर आता धूळ मोजणारे सेन्सर बसले आहेत. बॉयलरमध्ये कोळसा किंवा लिग्नाइट जळतं, धूर चिमणीतून वर जातो, सेन्सर त्यातले कण मोजतो आणि ते रीडिंग खालच्या डेटा लॉगरमार्फत गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सर्व्हरवर जातं. सेन्सरपासून संगणकापर्यंत अशी आकड्यांची रांग नेऊन पोचवणं हे माझं रोजचं काम. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं की यातला अवघड भाग सेन्सरचा. एकदा मोजून झालं की पुढे तार आहे, मोबाइलचं नेटवर्क आहे, आकडा जाईल. काम करता करता माझं मत याच्या उलट होत गेलं. आकडे पोचवणं सोपं आहे. त्या आकड्यांचा अर्थ त्यांच्यासोबत पोचवणं अवघड आहे आणि सगळ्यात जास्त दुर्लक्ष तिथेच होतं. नोडकडून, म्हणजे मोजून आकडे पाठवणाऱ्या यंत्राकडून, निघणाऱ्या प्रत्येक ॲरेने, म्हणजे आकड्यांच्या रांगेने, आपली ओळख सोबत आणलीच पाहिजे: तो कुठल्या सेन्सरचा, केव्हापासूनचा, किती अंतराने घेतलेला, कुठल्या एककातला, सेन्सर कुठल्या अवस्थेत असतानाचा आणि मधलं काही गळालं का. एवढं सोबत नसेल तर बाइट पोचले असतील, माहिती पोचलेली नसते.

सुरतेत या म्हणण्याला पैशाचं वजन आहे. २०१९ साली इथे कणरूप प्रदूषणासाठी उत्सर्जन परवान्यांचा बाजार सुरू झाला. कणरूप प्रदूषणासाठीचा जगातला पहिलाच बाजार म्हणून तो ओळखला जातो. एकूण किती धूळ हवेत जाऊ द्यायची याची मर्यादा मंडळाने ठरवली, तेवढेच परवाने कारखान्यांत वाटले, आणि ज्याने कमी धूळ सोडली त्याने उरलेले परवाने जास्त सोडणाऱ्याला विकायचे अशी सोय केली. परवान्याचा भाव किलोमागे ५ ते १०० रुपयांच्या पट्ट्यात बांधलेला होता. मायकेल ग्रीनस्टोन, रोहिणी पांडे, निकोलस रायन आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी मंडळासोबत ३१७ कारखान्यांवर या योजनेचा अभ्यास केला. सेन्सर सगळ्यांकडे बसले. बाजारात मात्र चिठ्ठ्या टाकाव्यात तसे निवडलेले साधारण निम्मेच कारखाने घेतले गेले. बाजारातल्या कारखान्यांचं उत्सर्जन इतरांच्या मानाने २० ते ३० टक्क्यांनी घटलं. यातून माझ्या कामापुरता एक निष्कर्ष निघतो. सेन्सर दोन्हीकडे होते, फरक पडला तो रीडिंगवर काहीतरी अवलंबून असण्याने. आणि ज्या रीडिंगवर कारखान्याचे रुपये आणि वस्तीतल्या माणसांचा श्वास अवलंबून आहे, ते सर्व्हरवर जसंच्या तसं उतरलं की नाही हा प्रश्न लॉगर जोडणाऱ्या माणसावर सोडून देता येत नाही.

अर्थ वाटेत कसा हरवतो ते जवळून पाहण्यासारखं आहे. सेन्सरपासून लॉगरपर्यंतचा प्रवास बहुतेक ठिकाणी आरएस-४८५च्या तारांवरून मॉडबस पद्धतीने होतो. मॉडिकॉन कंपनीने ही पद्धत १९७९ साली आणली, तेव्हा १६ बिटांचं एक रजिस्टर म्हणजे एक आकडा, असा साधा हिशेब होता. आजचा सेन्सर दशांशातला आकडा ३२ बिटांत देतो, म्हणजे एका रीडिंगला दोन रजिस्टर लागतात. त्यांतलं आधी कुठलं आणि नंतर कुठलं, हे मॉडबसने ठरवून दिलेलंच नाही. कोणी मोठा अर्धा आधी ठेवतो, कोणी धाकटा. आता समजा, चिमणीत घनमीटरमागे नेमके १५० मिलिग्रॅम कण आहेत. हा आकडा सोळाच्या अंकपद्धतीत लिहिला तर पहिल्या रजिस्टरमध्ये ४३१६ आणि दुसऱ्यात ०००० येतं. लॉगरने ही जोडी उलट वाचली, तर त्याच बिटांतून दशांशचिन्हापुढे चाळीस शून्यं असलेला इवलासा आकडा तयार होतो आणि पडद्यावर ०.०० उमटतं. धूळ वाढून १५०.३ झाली, की दुसरं रजिस्टर शून्य राहत नाही आणि त्याच उलट्या वाचनातून १० कोटींहून मोठा आकडा बाहेर पडतो. सर्व्हरवर अशक्य आकडे गाळणारी चाळण असते; ती १० कोटी टाकून देते आणि शून्य ठेवून घेते. रीडिंग पूर्णांकापर्यंत आणून त्याच दशांशाच्या मांडणीत पाठवणाऱ्या सेन्सरचं तर २५६ पर्यंतचं प्रत्येक रीडिंग असंच शून्य होतं. म्हणजे धुराने भरलेली चिमणी सर्व्हरवर नितळ दिसू लागते, आणि त्यासाठी कोणी लबाडी करावी लागत नाही.

यावर पहिला आक्षेप जाणकारांकडून येतो. मॉडबसच्या प्रत्येक फ्रेमला सीआरसी हा पडताळणीचा आकडा असतो, पुढे इंटरनेटवर टीसीपी पडताळणी करतं, एक बिट जरी बदलला तरी पॅकेट नाकारलं जातं, मग काळजी कशाची? आक्षेपातली माहिती बरोबर आहे, निष्कर्ष नाही. वरच्या उदाहरणात एकही बिट बदललेला नाही. सेन्सरने पाठवलेले चारही बाइट लॉगरला धडधाकट मिळाले, सीआरसी जुळला, सर्व्हरवरही सगळं सुखरूप उतरलं. पडताळणीची ही साधनं बिटांची राखण करतात. ते बिट कसे वाचायचे हे त्यांना माहीत नसतं आणि ते त्यांचं कामही नाही. उलट पडताळणीचा हिरवा दिवा लागला की पाहणाऱ्याचा संशय मावळतो, म्हणून या जातीच्या चुका फार काळ टिकतात. तार तुटली तर पाच मिनिटांत फोन येतो. बाइटांचा क्रम चुकला तर फोन येत नाही, कारण पडद्यावर आकडा दिसत असतो.

दुसरा आक्षेप खर्चाचा. लहानशा नोडजवळ मोजके बाइट आणि मोजकी बॅटरी. त्यातले चार-सहा बाइट ओळखपाळखीवर घालवले तर रीडिंगला काय उरणार? सुरतेच्या कापड बाजारातून पार्सल बिल्टीशिवाय ट्रान्सपोर्टला चढत नाही. बिल्टीच्या कागदाने पार्सलमधले तागे वाढत नाहीत, तरी तो कागद वाचवण्याचा विचार कोणा व्यापाऱ्याच्या मनात येत नाही, कारण त्याच्याविना पलीकडे माल कोणाचा आणि किती नग हे ठरत नाही. सेन्सर नोडच्या जगात ज्यांच्याकडे खरोखर टंचाई होती त्यांनीही हाच हिशेब केलेला दिसतो. बर्कली विद्यापीठातून निघालेल्या टायनीओएस या प्रणालीत एका संदेशासाठी मुळात फक्त २८ बाइट ठेवलेले असत. तिच्यासोबत ऑसिलोस्कोप नावाचा नमुना प्रोग्राम मिळे, त्याचं कामच मुळी रीडिंगचा ॲरे संगणकाकडे पाठवण्याचं. त्यात १० रीडिंगचे २० बाइट आणि बाकीचे ८ बाइट चार गोष्टींना दिलेले: अंतराच्या सेटिंगची आवृत्ती, दोन रीडिंगमधलं अंतर, नोडचा क्रमांक आणि चालू मोजणी. शिवाय बाइटांचा क्रम प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या मर्जीवर न सोडता संदेशाच्या व्याख्येतच बांधलेला, म्हणजे नोडचा प्रोसेसर कुठलाही असो, संगणकाला एकच रूप दिसावं. २८ पैकी ८, म्हणजे जवळजवळ तिसरा हिस्सा. त्या काळच्या अनेक नोडांवरचा रेडिओ सेकंदाला अडीच लाख बिट पाठवत असे; त्या गतीने हे ८ बाइट एका मिलिसेकंदाच्या सुमारे चौथ्या भागात जातात. बॅटरीवर चालणाऱ्या नोडला हे परवडलं, तर बॉयलर हाऊसमध्ये चोवीस तास विजेवर चालणाऱ्या लॉगरला न परवडण्याचं कारण मला सापडत नाही.

त्या चारांतली चालू मोजणी आणि रीडिंगमधलं अंतर या दोन गोष्टी मला सगळ्यात मोलाच्या वाटतात, कारण ॲरे ही वेळेत मांडलेली रांग असते. मोजणीत २४ नंतर थेट २६ आलं, तर मधलं एक पॅकेट गळालं हे पाहताक्षणी कळतं. मोजणीच नसेल तर रांगा एकमेकींना चिकटतात आणि भोक बुजून जातं. घड्याळाचंही तसंच. नोडमधल्या साध्या स्फटिकाची चूक दहा लाखांत २० धरली, तर दिवसाला पावणेदोन सेकंद आणि महिन्याला जवळजवळ एक मिनिट सरकतं. लॉगर भारतीय वेळ लावतो आणि सर्व्हर ग्रिनिचची समजतो, असं झालं तर साडेपाच तासांचा घोळ होतो: सकाळी बॉयलर पेटवताना उठलेला धूर दुपारच्या खात्यात जाऊन बसतो, आणि मिलमधल्या नोंदवहीशी तो कधीच जुळत नाही. सरासरी पाठवून मोकळं व्हावं, असा सल्ला इथे दिला जातो. पण सरासरीलाही मोजणी लागतेच. एका पॅकेटात १० रीडिंगची सरासरी ८० आणि दुसऱ्यात फक्त २ रीडिंगची सरासरी २०० असेल, तर दोघांची सरळ सरासरी १४० येते, खरी मात्र १००. परवान्यांच्या बाजारात हा फरक किलोंत आणि रुपयांत मोजला जातो.

एककाचा प्रश्न याहून फसवा आहे, कारण तिथे आकडा चुकीचा दिसतच नाही. कायद्यातली मर्यादा प्रमाणित तापमान आणि दाबाच्या घनमीटरमागे सांगितलेली असते. आपल्याकडे ते तापमान २५ अंश सेल्सिअस धरतात. सेन्सर मात्र चिमणीतल्या तापलेल्या, फुगलेल्या हवेत मोजत असतो. चिमणीत १५० अंश तापमान असताना त्याने प्रत्यक्ष घनमीटरमागे १२० मिलिग्रॅम दाखवले, तर ओलावा बाजूला ठेवूनही प्रमाणित हिशेबाने ते १७० होतात. मर्यादा १५० असेल तर १२० पास आणि १७० नापास. दोन्ही आकडे खरे आहेत, दोन्ही त्याच धुराचे आहेत, आणि कुठला पाठवला हे पॅकेटात लिहिलेलं नसेल तर सर्व्हरपुढे बसलेल्या माणसाला ते कळण्याचा मार्ग नाही. ‘ते मॅन्युअलमध्ये आहे’ हे उत्तर इथे ठरलेलं असतं. मॅन्युअल असतं, पण सेन्सर बदलतो, कंत्राट बदलतं, लॉगर बसवणारा माणूस नोकरी बदलतो, आणि मॅन्युअल कपाटात राहतं. पॅकेटात मांडणीच्या आवृत्तीचा एक क्रमांक असला, आणि त्या क्रमांकाचा अर्थ सगळ्यांच्या हाती दिलेला असला, तर दहा वर्षांपूर्वीचं रीडिंगसुद्धा आजचा माणूस नीट वाचू शकतो.

मग सगळं मजकुराच्या रूपात, नावानिशी पाठवावं, म्हणजे हे झंझटच राहणार नाही, असं तरुण प्रोग्रामर म्हणतात. यात तथ्य आहे. दोन-दोन बाइटांची १० रीडिंग २० बाइटांत बसतात, तीच मजकूर म्हणून लिहिली तर ६० पर्यंत जातात. जिथे वीज आणि नेटवर्क मुबलक आहे तिथे हा खर्च आनंदाने करावा. बाइटांच्या क्रमाचा प्रश्न त्याने मिटतो. बाकीचे मिटत नाहीत. नाव लिहिलं म्हणून एकक आपोआप येत नाही, आणि ‘वेळ’ असं लिहिलं म्हणून ती कुठल्या घड्याळाची हे ठरत नाही. शून्याचा प्रश्न तर तसाच उरतो. सर्व्हरवर आलेल्या शून्याचे किमान चार अर्थ असू शकतात: बॉयलर बंद होता, सेन्सर बिघडला होता, कॅलिब्रेशन चालू होतं, किंवा लॉगरने सेन्सरचे बाइट आधीच उलटे वाचले. यातला पहिला अर्थ कारखान्याच्या बाजूचा खरा पुरावा आहे. बाकीचे तीन रिकाम्या जागा आहेत. जेसन या लोकप्रिय लेखनपद्धतीत ‘हा आकडाच नाही’ असं सांगणारं मूल्य आकड्यांत नाही, त्यामुळे घाईत लिहिलेला प्रोग्राम बिघडलेल्या रीडिंगच्या जागी शून्य भरून मोकळा होतो. म्हणून प्रत्येक रीडिंगसोबत अवस्थेचा एक बाइट हवा. अमेरिकेत १९९० च्या कायद्यानंतर सल्फर डायऑक्साइडच्या उत्सर्जनाचा बाजार उभा राहिला, तेव्हा गहाळ नोंदींच्या जागी कोणता आकडा धरायचा याचे सविस्तर नियम करावे लागले, आणि नोंदी जितक्या जास्त गहाळ तितका कारखान्याला महाग पडेल असा आकडा धरला जाई. गहाळ आणि शून्य हे वेगळे ठेवल्याशिवाय असा नियम लावताच येत नाही.

सगळ्यात गंभीर आक्षेप मात्र तांत्रिक नाही. ज्याला फसवायचं आहे तो सेन्सरपुढे पडदा लावेल, पॅकेट कितीही नेटकं असो. मग या शिस्तीचा उपयोग काय? हा आक्षेप मी हलक्यात घेत नाही, कारण गुजरातमध्येच त्याचा पुरावा आहे. एस्थर डफ्लो, ग्रीनस्टोन, पांडे आणि रायन यांनी अहमदाबाद आणि सुरत परिसरातल्या कारखान्यांच्या पर्यावरण लेखापरीक्षणाचा अभ्यास केला, तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. कारखान्याने स्वतः नेमलेल्या आणि स्वतः पैसे दिलेल्या परीक्षकांची धुळीची रीडिंग १५० च्या मर्यादेच्या जरा खाली दाटीवाटीने येत होती. प्रत्यक्ष फेरमोजणीत ती तशी येत नव्हती. परीक्षकांचं मानधन सामाईक निधीतून दिलं, नेमणूक कारखान्याच्या हातून काढली आणि फेरतपासणी ठेवली, तेव्हा अहवाल खरे येऊ लागले आणि प्रदूषणही घटलं. म्हणजे प्रामाणिकपणा व्यवस्थेतून येतो, पॅकेटातून नाही, हे मान्य. पण ही दाटी सापडली कशी, ते पाहावं: अनेक रीडिंग एकत्र मांडून त्यांची आपसांत तुलना केली म्हणून. सुटा एक आकडा रचणं सोपं असतं. वेळ, क्रम, अवस्था आणि अंतर यांनी बांधलेली हजारो रीडिंगची रांग रचायची तर बॉयलर पेटण्याची वेळ, कोळशाचा खप, शिफ्ट, पंख्याचा वेग या सगळ्यांशी ती जुळवावी लागते. नीट पाठवलेला ॲरे फसवणूक अशक्य करत नाही. ती महाग करतो आणि उघडी पडण्याजोगी करतो. आणि जो कारखाना खरोखर चांगली यंत्रणा बसवून धूळ कमी करतो, त्याच्या हातात आपलं म्हणणं सिद्ध करण्याचा तोच पुरावा असतो.

चिमण्यांना लागू असलेली ही गोष्ट तापी नदीलाही लागू आहे, आणि ही नदी सुरतेला महाराष्ट्राशी जोडते. तापीच्या ६५,१४५ चौरस किलोमीटर खोऱ्यापैकी ५१,५०४ चौरस किलोमीटर महाराष्ट्रात आहे. गुजरातच्या वाट्याला फक्त ३,८३७. म्हणजे सुरतेत येणारं पाणी मुख्यतः विदर्भ-खानदेशात पडतं. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सुमारे ९ लाख क्युसेकपर्यंत विसर्ग गेला आणि शहराचा बहुतांश भाग पाण्याखाली होता. अशा प्रसंगी निर्णय घेणाऱ्यासमोर वरच्या खोऱ्यातल्या पावसाच्या आणि पातळीच्या रीडिंगची रांग असते. उकाईची पातळी फुटांत बोलली जाते, ३४५ फूट म्हणजे पूर्ण भरलेलं; वरच्या धरणांची मीटरमध्ये. विसर्ग कुठे क्युसेकमध्ये, कुठे सेकंदाला घनमीटरमध्ये, आणि सेकंदाला एक घनमीटर म्हणजे ३५ क्युसेकहून थोडं अधिक. माणूस माणसाला फोनवर सांगतो तेव्हा हा फरक विचारून घेता येतो. नोड संगणकाला सांगतो तेव्हा विचारणारा कोणी नसतो. जे पॅकेटात आहे तेवढंच सांगितलं गेलं.

लहान मिलवाल्याला हे सगळं झेपेल का, असं विचारलं जातं. झेपेल, कारण यातला मोठा भाग यंत्राचा नाही, एका कागदाचा आहे. सेन्सरची ऑर्डर देण्याआधी एका पानावर लिहावं: कुठलं क्षेत्र किती बाइटांचं, बाइटांचा क्रम कोणता, एकक कोणतं, वेळ कुठली, अवस्थेचे क्रमांक आणि त्यांचे अर्थ, गळालेलं पॅकेट पुन्हा कसं मागायचं. ते पान मिल, सेन्सर पुरवणारा, लॉगर बसवणारा आणि मंडळ या चौघांकडे एकच असावं. मग जोडणी झाल्यावर सेन्सरच्या टोकाकडून ओळखीचा ॲरे पाठवून चौघांसमक्ष सर्व्हरवर वाचावा. त्यात १५० ठेवू नये, त्याच्या अर्ध्या भागात शून्यं आहेत, १५०.३ ठेवावा, त्याचे चारही बाइट वेगळे आहेत, त्यामुळे क्रम कसाही चुकला तरी लगेच दिसतो. एक चढती रांग ठेवावी, एक मुद्दाम गाळलेलं पॅकेट ठेवावं, एक बिघाडाची अवस्था ठेवावी. सेन्सर किंवा लॉगर बदलला की ही चाचणी पुन्हा करावी. याला नवं यंत्र लागत नाही, अर्धा दिवस लागतो. पांडेसरा, लिंबायत, उधना, डिंडोली या भागांत खानदेशातून आलेली हजारो मराठी कुटुंबं राहतात. त्यांतले कितीतरी जण याच मिलमध्ये कामाला आहेत आणि त्यांची मुलं याच हवेत वाढत आहेत. त्यांच्या डोक्यावरच्या धुराबद्दल सर्व्हरवर जे लिहिलं जातं ते खरं असावं, एवढी अपेक्षा त्यांनी ठेवणं रास्त आहे, आणि ती पुरी करण्याइतकं ज्ञान आपल्या व्यवसायात कधीचंच आहे. ते प्रत्येक जोडणीत वापरणं हे आमचं काम आहे.